बटण की रेग्युलेटर? सॅटबी-१ वरच्या एका पुणेरी पेपरचं वाचन



रविवारच्या आपल्या वाचनगटात गेल्या महिन्यात तिघांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. "ताई, पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय? चुका काढायच्या का?" त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज नीट देते, आणि एक पेपर समोर ठेवूनच देते. हा पेपर मी आधी चुकीचा वाचला होता, म्हणून तोच निवडला आहे.

पेपर २००६ सालचा, 'मॉलिक्युलर सेल' या नियतकालिकातला. काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातलं, म्हणजे आपण ज्याला एनसीसीएस म्हणतो तिथलं. गट संजीव गलांडे यांचा, पहिले लेखक पी. पवन कुमार. विषय सॅटबी-१ हे मानवी प्रथिन. नाशिकहून चार-पाच तासांच्या अंतरावर, विद्यापीठाच्या आवारात झालेलं हे काम जगभर वाचलं गेलं. गलांडे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला. तेव्हा "आपल्याकडे काय होतंय" असा सूर लावणाऱ्यांनी आधी हा पेपर उघडावा. आणि उघडल्यावर नुसता नमस्कार करून मिटू नये, एवढंच माझं म्हणणं.

आधी माझी चूक सांगते. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "सॅटबी-१ हा स्तनाच्या कर्करोगातला मास्टर स्विच आहे." त्याखाली दोन संदर्भ. एकाचा फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचलेला, दुसऱ्याचं शीर्षक. पुढे योजना अशी की शस्त्रक्रियेतून मिळालेले गाठीचे तुकडे घ्यायचे, कुटायचे, आरएनए काढायचा आणि सॅटबी-१ किती आहे ते मोजायचं. मॅडमनी तो कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "अगं, गाठीत फक्त कर्करोगाच्या पेशी असतात का? आत शिरलेल्या टी-पेशींचं सॅटबी तू कुठल्या खात्यात टाकणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते का नव्हतं, हे कळण्यासाठी आधी प्रथिनाची ओळख करून घेऊ.

प्रथिन काय करतं

आपल्या प्रत्येक पेशीत जवळपास दोन मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. नुसता कोंबलेला नाही, घड्या घालून ठेवलेला. कुठली घडी उघडी आणि कुठली मिटलेली, यावर कुठलं जनुक वाचलं जाणार हे बरंचसं ठरतं. जनुकावरून आरएनएची प्रत काढणं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. सॅटबी-१ हे या घड्या धरून ठेवणाऱ्यांपैकी एक.

१९९२ साली कॅलिफोर्नियात तेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या गटाने ते शोधलं. त्याची गंमत अशी की ते डीएनएवरची ठरावीक अक्षरमाला शोधत बसत नाही. ए आणि टी भरपूर असलेल्या, जिथे दोन धागे सहज सुटे होतात अशा जागा ते ओळखतं. नावातलं 'स्पेशल एटी-रिच सीक्वेन्स बाइंडिंग' ते याचंच. अशा जागांना मेट्रिक्स अटॅचमेंट रीजन म्हणतात. पुढे मी नुसतं 'मार' म्हणेन.

दुसरी गोष्ट, आणि ही अधोरेखित करून ठेवा: हे प्रथिन सगळीकडे सारखं नसतं. थायमसमध्ये, म्हणजे टी-पेशी घडतात तिथे, ते भरपूर असतं. २००० साली सॅटबी-१ नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांचं थायमस लहान राहिलं, टी-पेशींची वाढ मधेच अडली आणि ती पिल्लं साधारण तीन आठवड्यांत मेली. मॅडमचा प्रश्न इथूनच आला होता. शरीरात ज्या पेशीची ही खास मालमत्ता, तीच पेशी गाठीत पाहुणी म्हणून येते. सगळं एकत्र कुटलं तर घरमालक कोण आणि पाहुणा कोण, कळणार कसं?

पेपरचं म्हणणं

आता २००६ कडे. त्या वेळेपर्यंत एक कोडं होतं. सॅटबी-१ कधी जनुक बंद ठेवताना दिसे, कधी चालू करताना. बंद ठेवणाऱ्यांत एचडॅक-१ हे एन्झाइम त्याच्या सोबत असे. ते हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढतं, डीएनए घट्ट बसतो. चालू करणाऱ्यांत पीकॅफ, जे ॲसिटिल गट लावतं. दोघंही एकाच प्रथिनाला येऊन चिकटतात. मग कोणी कधी यायचं, हे ठरवतं कोण?

याच गटाने २००५ मध्ये एक धागा पकडला होता. एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन सॅटबी-१ जवळच्या एचडॅक-१ ला बाजूला सारतं आणि मग टी-पेशीतलं इंटरल्यूकिन-२ चं जनुक चालू होतं. विषाणू जर हे करू शकतो, तर पेशी स्वतः हे कसं करते? २००६ च्या पेपरचं उत्तर असं: फॉस्फेटच्या एका खुणेने. प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम सॅटबी-१ च्या १८५ क्रमांकाच्या सिरिनवर फॉस्फेट लावतं. खूण असेल तर एचडॅक-१ येतं, सॅटबी डीएनए घट्ट धरतं, जनुक बंद. खूण गेली की पीकॅफ येतं. आणि पीकॅफ नुसतं हिस्टोनला हात लावत नाही, ते खुद्द सॅटबी-१ वरच ॲसिटिल गट लावतं. मग सॅटबीची डीएनएवरची पकड सुटते.

मला हा पेपर आजही आवडतो. कारण त्याने "हे प्रथिन चांगलं की वाईट, चालू करणारं की बंद करणारं" हा प्रश्नच मोडीत काढला. प्रथिन तेच, त्याची अवस्था वेगळी. शिवाय प्रत्येक पायरीला एकापेक्षा जास्त बाजूंनी पुरावा देण्याची धडपड त्यात दिसते: परीक्षानळीत प्रथिनं एकमेकांना चिकटतात का, ठरावीक जागेचं अमिनो आम्ल बदललं तर काय होतं, पेशीत रिपोर्टर जनुकाचं काय होतं. तुम्ही पहिल्यांदा वाचताना आकृत्या याच क्रमाने लावा आणि प्रत्येकीखाली एका ओळीत लिहा: "हे दिसलं." "हे सिद्ध झालं" असं नाही लिहायचं.

आता खटकलेल्या गोष्टी

पहिली, शीर्षकातला 'मॉलिक्युलर स्विच' हा शब्द. स्विच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं बटण येतं. वर किंवा खाली, मधे काही नाही. पण पुरावा कशाचा आहे? वेस्टर्न ब्लॉटची पट्टी म्हणजे लाखो पेशी एकत्र विरघळवून आलेली सरासरी असते. पट्टी निम्मी फिकट झाली, तर निम्म्या पेशींनी बटण पूर्ण बंद केलं की सगळ्याच पेशींनी थोडं थोडं कमी केलं, हे पट्टी सांगू शकत नाही. पहिलं असेल तर ते बटण. दुसरं असेल तर तो पंख्याचा रेग्युलेटर. दोन्हींतून सरासरी एकच येते. पद्धतीचीच ही मर्यादा आहे. त्यात लेखकांचा दोष नाही. पण शब्द पद्धतीच्या पुढे गेला, आणि माझ्यासारख्या वाचकांनी तो आणखी पुढे नेला.

दुसरी, शीर्षकातलाच 'इन व्हिवो'. गावाकडच्या कॉलेजात शिकताना मला वाटायचं की इन व्हिवो म्हणजे जिवंत प्राणी. रेण्वीय जीवशास्त्रातल्या पेपरात बऱ्याचदा त्याचा अर्थ 'परीक्षानळीत नव्हे, जिवंत पेशीत' एवढाच असतो. या पेपरातली रिपोर्टरची मोजमापं पेशीसंवर्धनातली आहेत. हे लपवलेलं नाही, पद्धतींच्या भागात सरळ लिहिलेलं असतं. पण जो पद्धतींचा भाग वाचत नाही तो शीर्षकावरून उंदीर बघतो. मी बघितला होता.

तिसरी, रिपोर्टर. 'मार' जोडलेलं रिपोर्टर जनुक पेशीत घालायचं आणि त्याचा उजेड मोजायचा, ही उत्तम आणि जुनी युक्ती. पण सॅटबी-१ चं मुख्य काम काय सांगितलं जातं? गुणसूत्राच्या लांबच लांब घड्या धरणं. २००३ साली कोही-शिगेमात्सु यांच्याच गटाने थायमसच्या पेशींत सॅटबी-१ पिंजऱ्यासारख्या जाळीत पसरलेलं दाखवलं होतं. आणि आपण त्याची परीक्षा घेतो ती छोट्या प्लाझमिडवर, ज्याला गुणसूत्रासारख्या घड्याच नाहीत. गोदावरीच्या पुराचा अंदाज रामकुंडावरच्या बादलीवरून बांधण्यासारखं हे आहे. पाण्याचा गुण कळतो, पुराचा नाही. म्हणून रिपोर्टरच्या आकृतीपाशी थांबू नका. पेशीतल्या मूळ जनुकाचं काय झालं, हे शोधा.

चौथी गोष्ट सगळ्यांत सूक्ष्म आहे. पीकॅफ आल्यावर जनुक चालू होतं, ते पीकॅफने काही केलं म्हणून, की सॅटबीची पकड सुटली म्हणून? कुलूप काढणं आणि दार ढकलणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. रिपोर्टर फक्त दार उघडं आहे एवढंच सांगतो. पेपरमध्ये दोन्ही शक्यतांना जागा आहे. पण त्याचा सारांश पुढे जाताना 'फॉस्फेट गेलं की सॅटबी ॲक्टिव्हेटर होतं' असा होतो. मग प्रश्न असा की पकड सुटलेलं प्रथिन ॲक्टिव्हेटर कसं म्हणायचं?

'सारखं' या शब्दाची किंमत

या पेपरात एचडॅक-१ आणि पीकॅफ दोन्ही सॅटबीच्या ज्या भागाला चिकटतात, त्याला 'पीडीझेडसारखा' भाग म्हटलं आहे. हे नाव २००१ च्या एका पेपरातून आलं. गलांडे तेव्हा कोही-शिगेमात्सु यांच्यासोबत काम करत होते. अमिनो आम्लांच्या क्रमाची तुलना करून तो भाग पीडीझेड नावाच्या ओळखीच्या घडीसारखा वाटला होता. पुढे २०१२ मध्ये त्या भागाची स्फटिकरचना निघाली. घडी पीडीझेडची नव्हती, युबिक्विटिनसारखी होती. आणि हे प्रथिन जोडीने नाही, चौकडीने बसतं असं दिसलं.

मग २००६ चा पेपर चुकला का? नाही. एचडॅक-१ त्या तुकड्याला चिकटतं, हे निरीक्षण तसंच उभं राहतं. पडली ती पाटी. निरीक्षण आणि त्यावर लावलेली पाटी, या दोन गोष्टी वेगळ्या धरता आल्या की जुना पेपर वाचताना घाबरायला होत नाही. लेखकांनी 'पीडीझेडसारखा' असं म्हटलं होतं. शेपटाचा 'सारखा' आपण वाचकांनी खाल्ला. नेटची तयारी करताना नोट्समध्ये तुम्ही असे किती 'सारखा', 'बहुधा', 'सूचित होतं' गाळता, एकदा मोजून बघा.

आणि बटणाचा रेग्युलेटर कोणी केला? त्याच पुण्याच्या गटाने. २००९ मध्ये त्यांनी सीटीबीपी-१ हा आणखी एक जोडीदार दाखवला, ज्याचं सॅटबीशी असलेलं नातं ॲसिटिल गटावर अवलंबून आहे. २०१० मध्ये बीटा-कॅटेनिनही आलं, आणि त्यासोबत डब्ल्यूएनटी संदेशवहनाचा आख्खा मार्ग. म्हणजे एका खुणेची, दोन जोडीदारांची गोष्ट चार वर्षांत अनेक खुणांची, अनेक जोडीदारांची झाली. स्वतःच्या गाजलेल्या पेपरला स्वतःच गुंतागुंतीचं करणं, ही मला त्या प्रयोगशाळेची सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. पण संदर्भांच्या यादीत २००६ चा 'स्विच' जितका सहज येतो तितकी पुढची गुंतागुंत येत नाही. कारण स्विच एका वाक्यात मावतो.

मग कर्करोगाचं काय

माझ्या सिनॉप्सिसमधला दुसरा संदर्भ 'नेचर'मधला, २००८ चा. कोही-शिगेमात्सु यांच्या गटाने दाखवलं की आक्रमक स्तनकर्करोगाच्या पेशींतून सॅटबी-१ कमी केलं तर उंदरात गाठ वाढणं आणि पसरणं मंदावतं, आणि कमी आक्रमक पेशींत ते घातलं तर हजारावर जनुकांचं चित्र पालटतं. खळबळ माजवणारं काम होतं. २०१० मध्ये एलिझाबेथ आयॉर्न्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की त्यांच्या पेशींत आणि त्यांनी तपासलेल्या रुग्णांच्या माहितीत हे नातं दिसत नाही. मूळ गटाने तिथेच उत्तर दिलं. आयॉर्न्स पुढे प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या चळवळीतल्या एक ठळक नाव झाल्या.

यात कोण बरोबर, हा निवाडा देण्याच्या लायकीची मी नाही. पण दोघांनी काय मोजलं ते शेजारी शेजारी ठेवा. एकीकडे रुग्णांच्या ऊतींत प्रथिनाचं रंगकाम करून पाहिलेलं, दुसरीकडे मुख्यतः आरएनएचे आकडे. आणि गाठीच्या आरएनएत टी-पेशींचा आरएनए मिसळलेला असू शकतो, हे आता तुम्हाला माहीत आहे. २००६ चा पेपर यात आणखी एक गोष्ट घालतो: प्रथिन किती आहे हे कळलं, तरी ते कुठल्या अवस्थेत आहे हे कळत नाही. फॉस्फेट लागलेलं की गेलेलं? ॲसिटिल आहे की नाही? ज्या पेपरने अवस्था महत्त्वाची आहे हे शिकवलं, त्याचाच संदर्भ देऊन मी नुसतं प्रमाण मोजायला निघाले होते. वाचलं असतं तर ही विसंगती मलाच दिसली असती.

हे नुसतं परीक्षकांपुढे लाज वाटण्याचं प्रकरण नाही. तो तुकडा कोणाचा तरी असतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एखादी बाई, बहुतेक सिन्नर किंवा दिंडोरीकडून आलेली, संमतीपत्रावर सही करते किंवा अंगठा उठवते. "पुढच्यांना उपयोग होईल" एवढ्याच भरवशावर. आपण तो तुकडा कुटून असा आकडा काढायचा, ज्याचा अर्थच लावता येत नाही? तुकडा पुन्हा मिळत नाही.

माझी योजना बदलली. आता आम्ही पातळ छेद घेतो, पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांसोबत बसतो आणि सॅटबी-१ सोबत सीडी-३ या टी-पेशींच्या खुणेचंही रंगकाम करतो. जिथे दोन्ही रंग, ती पाहुणी. जिथे फक्त सॅटबी, तिथे थांबून बघायचं. टॉन्सिलचा छेद कंट्रोल म्हणून, कारण तिथे टी-पेशी हमखास असतात. काम हळू झालं आहे. नमुनेही कमी पडतात. पण आता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येऊ शकतं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्यही बदललं: "सॅटबी-१ चं कार्य त्याच्या रासायनिक खुणांवर आणि पेशीच्या प्रकारावर अवलंबून असल्याचं दिसतं, स्तनाच्या कर्करोगातल्या त्याच्या भूमिकेबद्दल निष्कर्ष परस्परविरोधी आहेत." रुबाबदार नाही. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मग तुमची नॉव्हेल्टी काय?" मी म्हटलं, "सर, आधी कुठल्या पेशीत आहे ते तरी बघू." ते हसले, आणि पुढच्या पानावर गेले.

तर मूळ प्रश्न: क्रिटिकली वाचायचं म्हणजे काय? चुका काढणं हा त्याचा छोटा भाग. शीर्षकातला सगळ्यांत चमकदार शब्द घ्या. त्याखाली कुठली आकृती आहे ते शोधा. त्या आकृतीत नेमकं काय मोजलं, किती पेशींची सरासरी, कुठल्या पेशी, मूळ जनुक की प्लाझमिड, ते लिहा. मग तो शब्द झाकून, फक्त मोजमापांवरून स्वतःचं वाक्य लिहून बघा. तुमचं वाक्य आणि त्यांचं शीर्षक यांत जे अंतर उरेल, तिथे चर्चा करायची.

पुढच्या रविवारी हाच पेपर घेऊ. सगळ्यांनी आकृत्या वाचून या. ॲबस्ट्रॅक्ट झाकून ठेवा. २००९ चा पेपर ज्याला मिळेल त्याने प्रिंट आणा, मला मागची दोन पानं हवी आहेत. चहा माझ्याकडून.